वृंदगानातील लोकसंगीत

वृंदगानातील लोकसंगीत : लोकगीतांतील स्वरावली, लय, गायनपद्धती व बोली यांचा आधार घेऊन गायकवृंदासाठी केलेली आधुनिक स्वररचना. अनेकांनी एकाच वेळी गाणे म्हणजे समूहगान होय. समूहाचे दोन किंवा अधिक गट करून प्रत्येक गटास वेगळी स्वरपंक्ती दिली आणि त्या सर्व पंक्ती एकमेकींशी मेळ राखून चालविल्या, म्हणजे त्यास काटेकोर अर्थाने वृंदगान म्हणता येते. पाश्चात्त्य वृंदात स्त्रियांचे सोप्रॅनो व आल्टो आणि पुरुषांचे टेनर व बेस असे चार गट सामान्यतः असतात. भारतीय लोकसंगीत मुख्यत्वे एकस्वरपंक्तीचे आहे. म्हणजे गाणारे कितीही असले, तरी सर्वजण एकच चाल गातात. त्यामुळे लोकगीत वृंदगानात आणताना केवळ गायकांची संख्या वाढवून भागत नाही, तर संगीतविचाराच्या दोन भिन्न पद्धतींची सांगड घालावी लागते. ही सांगड कशी घातली गेली आणि तीत मूळ गीताचे काय टिकले व काय गेले, हा या विषयाचा गाभा होय.

लोकपरंपरेतील समूहगायन : महाराष्ट्रात जात्यावरील ओव्या, भजन, आरती, गोंधळ, पोवाडा, फुगडी व झिम्म्याची गाणी अशा अनेक प्रकारांत समूहाचा सहभाग असतो. पोवाड्यात शाहिराने ओळ उचलावी आणि झीलकऱ्यांनी ती झेलावी, ही रीत सर्वपरिचित आहे. या बाबतीत पूर्व विदर्भातील झाडीपट्टीचा प्रदेश विशेष समृद्ध आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील जंगलांच्या व भातशेतीच्या पट्ट्यास झाडीपट्टी म्हणतात. त्यांपैकी गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. मध्य प्रदेश व छत्तीसगढ यांच्या सीमेवरील या जिल्ह्यात मराठीची झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी व छत्तीसगढी या भाषा-बोली शेजारी शेजारी नांदतात आणि प्रत्येकीची गाणी आहेत.

भात हे येथील मुख्य पीक. पावसाळ्यात बांधीत पऱ्हे लावण्याच्या कामास रोवणा म्हणतात. स्त्रिया रांगेने उभ्या राहून, कमरेत वाकून व एकेक पाऊल मागे सरकत रोवणा करतात. या वेळी म्हटल्या जाणाऱ्या गीतांची घडण कामाच्या स्वरूपावरून ठरलेली असते. वाकलेल्या स्थितीत दीर्घ श्वास घेता येत नाही, म्हणून ओळ लहान असते. हातांची हालचाल अखंड चालावी, म्हणून लय समान असते. एकीने ओळ म्हणावी आणि इतरांनी ती उचलावी, या योजनेमुळे प्रत्येकीस विसावाही मिळतो. पोवार समाजात विवाहाच्या निरनिराळ्या विधींच्या वेळी स्त्रिया पोवारी बोलीतील गीते समूहाने गातात. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल जमले, म्हणजे म्हटल्या जाणाऱ्या झडत्या विदर्भात सर्वत्र प्रसिद्ध आहेत. झडतीत एकजण यमकबद्ध ओळी चढ्या आवाजात म्हणतो आणि शेवटी जमलेला समुदाय शिवाच्या नावाचा गजर करतो. गायन व पठण यांच्या सीमेवरचा हा प्रकार आहे. बलिप्रतिपदेस गोवारी समाजाचे गायगोधन होते. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईत दंडार व खडीगंमत यांचे प्रयोग होतात. खडीगंमतीतील कलावंत उभ्यानेच प्रयोग करतात. शाहीर, त्याचे साथीदार, स्त्रीवेषातील नाच्या आणि ढोलकी-टाळांची साथ हे तिचे प्रमुख घटक होत. सालेकसा, देवरी व अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील गोंड समाजात रेला हा नृत्यगीतप्रकार रूढ आहे. रेला हा शब्दच पालुपदाप्रमाणे वारंवार येतो आणि त्याच्या आधारावर नाचणाऱ्यांची पावले पडतात. माघ पौर्णिमेस सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे भरणाऱ्या यात्रेत निरनिराळ्या राज्यांतील गोंड एकत्र येतात.

या परंपरेखेरीज अलीकडच्या काळात तयार झालेला एक समूहगायनप्रकारही या भागात दृढमूल झाला आहे. संत तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांनी खंजिरीच्या साथीवरील भजने व सामुदायिक प्रार्थना यांचा विदर्भाच्या खेड्यापाड्यांत प्रसार केला. सोप्या चाली, मर्यादित स्वरक्षेत्र व सर्वांना एकदम म्हणता येईल अशी शब्दयोजना ही या गायनाची वैशिष्ट्ये होत. शिक्षण न घेतलेल्या शेकडो माणसांचा आवाज एकत्र कसा आणावा, याचे हे आधुनिक काळातील लक्षणीय उदाहरण आहे.

पाश्चात्त्य वृंदगानाशी संपर्क : भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर बहुस्वरपंक्तीच्या गायनाचा प्रवेश पोर्तुगीज काळात चर्चमार्फत झाला. गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व समूहगायन शिकविले जाई. या शिक्षणाचा परिणाम केवळ धार्मिक संगीतापुरता राहिला नाही. एकोणिसाव्या शतकात विकसित झालेल्या मांडो या कोकणी गीतप्रकारात दोन आवाज बहुधा तृतीय किंवा षष्ठ स्वरांतर राखून बरोबरीने चालतात. साथीला घुमट व व्हायोलिन असते. मांडोनंतर द्रुत लयीतील दुलपद गाण्याची प्रथा आहे. परकीय स्वरमेळ लोकांच्या कंठात रुजून त्याचेच लोकसंगीत झाले, असे हे मराठी प्रदेशाच्या शेजारचे उदाहरण होय.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती उपासनेत याच्या उलट दिशेने प्रवास झाला. आरंभी मराठी शब्द पाश्चात्त्य स्तोत्रांच्या चालींवर बसविले जात. या पद्धतीत शब्दांचे आघात व ऱ्हस्व-दीर्घ यांची ओढाताण होई. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, ओवी, पदे व कीर्तन या देशी प्रकारांना उपासनेत स्थान मिळवून दिले. भाषेची लय व चालीची लय यांचा संबंध किती निकटचा असतो, याचा धडा या प्रयोगाने घालून दिला.

मुंबईत व्हिक्टर पारंज्योती यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेला पारंज्योती अकादमी कोरस हा गायकवृंद पाश्चात्त्य अभिजात रचनांबरोबर भारतीय भाषांतील लोकगीतांच्या वृंदरचनाही सादर करीत आला. १९६७ पासून कूमी वाडिया यांनी त्याचे संचालन केले. पारंज्योती यांची ‘द्रविडियन डिथिरँब’ ही वृंदरचना अर्थवाही शब्दांऐवजी लयबद्ध अक्षरांवर उभारलेली असून परदेशांतील वृंदांनीही ती स्वीकारली आहे. भारतीय तालांचे बोल हेच वृंदगानाचे साहित्य होऊ शकते, हे तिच्यावरून दिसून येते.

जनआंदोलने व समूहगान : लोकसंगीत आणि समूहगान यांना जवळ आणण्याचे मोठे कार्य राजकीय व सामाजिक चळवळींनी केले. १९४३ मध्ये इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन (इप्टा) ही संस्था स्थापन झाली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. या पथकाने पोवाडा, लावणी व तमाशा यांच्या चाली कामगारांच्या सभांतून नव्या आशयासह मांडल्या. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानेही, विशेषतः वसंत बापट यांच्या लेखनाच्या साहाय्याने, महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील लोकगीते व लोकनृत्ये रंगमंचावर आणली. ही समूहगीते बहुतांशी एकस्वरपंक्तीचीच होती. त्यांचे सामर्थ्य स्वरमेळात नसून झेल, गजर व ठेका यांत होते.

इप्टाच्या परंपरेतील सलिल चौधरी यांनी १९५८ मध्ये बाँबे यूथ क्वायर हा वृंद स्थापन केला आणि लोकधुनांना बहुस्वरपंक्तींची जोड दिली. मूळ चाल ओळखू येईल अशी ठेवून तिच्याभोवती दुसऱ्या स्वरपंक्ती गुंफण्याची त्यांची पद्धत पुढील अनेक संगीतकारांना मार्गदर्शक ठरली. दक्षिणेत एम. बी. श्रीनिवासन (१९२५–८८) यांनी मद्रास यूथ क्वायरद्वारे असेच कार्य केले. मराठीत वसंत देसाई (१९१२–७५) यांनी समूहगीतांच्या चालींत लोकलयींचा कौशल्याने वापर केला आणि शालेय विद्यार्थ्यांच्या समूहगानास प्रोत्साहन दिले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत व शाहीर साबळे यांचा आवाज लाभलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारण्यात आले. पोवाड्याचा आवेश व समूहाचा प्रतिसाद यांवर त्याचा परिणाम अवलंबून आहे.

इतर देशांतील प्रयत्न : विसाव्या शतकाच्या आरंभी हंगेरीत बेला बार्टोक (१८८१–१९४५) व झोल्टान कोदाय (१८८२–१९६७) यांनी खेड्यांत जाऊन ध्वनिलेखनयंत्रावर लोकगीते उतरवून घेतली. त्यांच्या वृंदरचना व कोदाय यांची शालेय संगीतशिक्षणपद्धती या संग्रहावर आधारलेली आहेत. रचनेपूर्वी संकलन आणि संकलनात शब्दांइतकेच चालीला महत्त्व, हा त्यांचा दंडक पुढे सर्वमान्य झाला. एस्टोनियाच्या वेल्यो टॉर्मिस (१९३०–२०१७) यांनी प्राचीन रूनी गीतांवर वृंदरचना केल्या. या गीतांत मुख्य गायिकेच्या ओळीची शेवटची अक्षरे समूह तिच्याबरोबरच म्हणू लागतो व ओळ पुन्हा गातो. त्यामुळे गायनात खंड पडत नाही. टॉर्मिस यांनी ही साखळी मोडली नाही, तर तिचाच विस्तार केला.

कोरियाचे उदाहरण भातशेतीच्या प्रदेशांस अधिक जवळचे आहे. तेथील लोकगीतांस मिन्यो म्हणतात. भाताच्या लावणीची गीते हा त्यांतील महत्त्वाचा प्रकार असून एकाने ओळ द्यावी व इतरांनी पालुपद झेलावे, हीच रीत तेथेही आहे. तालाच्या आवर्तनांस चांगदान म्हणतात. त्यांपैकी सेमाची हे तीन मोठ्या मात्रांचे व प्रत्येक मात्रेच्या तीन भागांचे आवर्तन ‘आरिरांग’ या विख्यात गीतात आढळते. आरिरांग गायनपरंपरेचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०१२ मध्ये दक्षिण कोरियाच्या व २०१४ मध्ये उत्तर कोरियाच्या नावे झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धर्मप्रसारकांबरोबर चर्चमधील वृंदगान कोरियात आले. पुढे त्याच वृंदांसाठी तेथील संगीतकार मिन्योवर आधारित रचना करू लागले. १९७३ मध्ये राष्ट्रीय गायकवृंदाची स्थापना झाली. कोरियन लोकगायनात स्वर कापविणे, वरून मोडून खाली आणणे, घसरविणे अशा अलंकरणांस सिगिमसे म्हणतात. नैर्ऋत्येकडील प्रदेशाच्या गायनात ती विशेष गडद असतात. पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या वृंदात मात्र सर्वांचे आवाज एकजीव व सरळ असावेत अशी अपेक्षा असते. ही दोन परस्परविरोधी वळणे जुळविण्यासाठी तेथील रचनाकार अलंकरण एकल गायकाकडे देतात, समूहाकडे स्थिर स्वर सोपवितात आणि तालासाठी चांगू या ढोलाचा उपयोग करतात. सनई, मींड व ढोलकी यांच्याशी परिचित असलेल्या भारतीय रचनाकारापुढेही नेमका हाच प्रश्न असतो.

रचनेची साधने : लोकगीतावर आधारलेल्या वृंदरचनेत पुढील साधने प्रामुख्याने वापरली जातात. पहिले साधन आधारस्वर होय. तंबोरा किंवा तुणतुणे जे कार्य करते ते वृंदातील एक गट षड्ज व पंचम अखंड धरून करतो. यामुळे मूळ चालीस धक्का न लागता तिच्याखाली भूमी तयार होते. दुसरे साधन झेल. एकल गायक व समूह किंवा समूहाचे दोन गट यांत ओळींची देवाणघेवाण करता येते आणि एका गटाची ओळ संपण्यापूर्वी दुसऱ्याने आरंभ केला, म्हणजे स्वरमेळ आपोआप निर्माण होतो. तिसरे साधन म्हणजे पालुपदाची आवृत्ती. रेलासारख्या गीतातील पालुपद एका गटाने सतत म्हणत राहावे व त्यावर दुसऱ्याने कडवी गावीत, अशी योजना मूळ प्रकाराच्या स्वभावास धरून आहे. चौथे साधन तालाचे बोल. ढोलकी व टाळ यांचे ध्वनी कंठातून काढून वाद्यांची उणीव भरून काढता येते. पाचवे साधन सामुदायिक पठण. झडतीसारखा प्रकार यास विशेष अनुकूल आहे.

स्वरांतरांची निवड ही यांतील सर्वांत नाजूक बाब होय. पाश्चात्त्य स्वरमेळ तृतीयांवर उभा आहे. चार किंवा पाच स्वरांतच फिरणाऱ्या लोकधुनेखाली असा पूर्ण स्वरमेळ ठेवला, तर जे स्वर त्या चालीत नाहीत तेही ऐकू येऊ लागतात आणि धुनेचा चेहरा बदलतो. म्हणून अनेक रचनाकार चतुर्थ व पंचम स्वरांतरांवर भर देतात आणि साथीच्या पंक्तींत मूळ चालीतीलच स्वर योजतात. स्वरस्थानांचाही प्रश्न आहे. हार्मोनियम किंवा पियानो यांच्या समान अंतराच्या स्वरांवर बसविलेली चाल खेड्यातील गायिकेच्या तोंडच्या चालीपेक्षा किंचित वेगळी होते. हा फरक लेखी स्वरलिपीत दिसत नाही. कानास मात्र जाणवतो.

उच्चाराचे महत्त्व त्याहून कमी नाही. झाडीबोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ व ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. त्यामुळे ‘काळा’चा उच्चार ‘कारा’ असा होऊन त्याचे ‘वारा’शी यमक जुळते. शहरातील वृंदाने शुद्धतेच्या समजुतीने ‘काळा’ असा उच्चार केला, तर यमक मोडते आणि ओळीचा नादही बदलतो. येथे ज्यास अशुद्ध समजले जाते तोच त्या गीताचा नियम असतो. गोंडी गीतांच्या बाबतीत तर अर्थ न समजता केवळ अक्षरे पाठ केल्यास आघात चुकीच्या ठिकाणी पडतात. अशा वेळी ती भाषा बोलणाऱ्या गायकाकडून प्रत्यक्ष शिकणे, हाच मार्ग उरतो.

संकलनाची स्थिती : मराठी लोकगीतांचे संकलन दीर्घकाळ मुख्यतः शब्दांचे झाले. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’ या संग्रहाने ओवीचे काव्य सुशिक्षितांपुढे आणले, परंतु छापील ओवीत चाल नसते. हेमा राइरकर व गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने जमविलेल्या जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहास काही प्रमाणात ध्वनिमुद्रणाचीही जोड मिळाली. मध्य भारतातील मैकल टेकड्यांच्या प्रदेशातील गीतांचा संग्रह व्हेरिअर एल्विन व शामराव हिवाळे यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. हा प्रदेश गोंदियाच्या उत्तरेस व ईशान्येस पसरला आहे. वॉल्टर काउफमान यांनी बस्तरच्या मारिया व मुरिया गोंडांच्या गीतांचे स्वरलेखन केले. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली व दंडारीसारख्या झाडीपट्टीतील लोककलांचा अभ्यास केला. गोंदियाच्या पूर्वेस खैरागढ येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात लोकसंगीताच्या अध्यापनाची सोय आहे. शब्द, चाल, ताल, प्रसंग व गाणाऱ्यांची नावे ही सर्व माहिती एकत्र असेल, तरच संकलन रचनाकारास खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

आक्षेप व मूल्यमापन : लोकगीताचे वृंदगानात रूपांतर करण्यावर काही आक्षेप घेतले जातात. लोकगीत प्रत्येक वेळी थोडे बदलते. गायिका प्रसंगानुसार नावे घालते, ओळ वाढविते किंवा गाळते. वृंदरचना लिहिली गेली, की तिचे एक रूप कायम होते. मूळ गीतात श्रोता व गायक असा भेद नसतो; रंगमंचावर तो निर्माण होतो. रोवण्याचे गीत बांधीतून सभागृहात आले, म्हणजे त्याची संथ लय स्पर्धेच्या वेळेत बसविण्यासाठी जलद केली जाते आणि श्रमाची खूण पुसली जाते. कर्तृत्वाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. कार्यक्रमपत्रिकेवर ‘पारंपरिक’ एवढाच उल्लेख केल्याने ते गीत ज्या समाजाचे आहे व ज्या स्त्रीने ते सांगितले, तिचे श्रेय नाहीसे होते; संगीतकाराचे नाव मात्र राहते.

या आक्षेपांत तथ्य असले, तरी गीत आहे त्या स्थितीत आपोआप टिकून राहील, असेही मानता येत नाही. लोकगीत प्रसंगावर जगते. जाते गेले, तेव्हा ओवी म्हणण्याचे नित्याचे निमित्तही गेले. भात रोवण्याच्या यंत्राला गाण्याची गरज नसते आणि मंडपात ध्वनिक्षेपक वाजू लागला, की विवाहगीते म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रिया गप्प होतात. अशा वेळी शाळेतील मुलांनी आपल्याच गावातील गीत, ते जाणणाऱ्या स्त्रीस वर्गात बोलावून, तिच्या उच्चारासह शिकणे आणि नंतर ते दोन किंवा तीन स्वरपंक्तींत गाणे, यास केवळ रंगमंचीय मनोरंजनापेक्षा अधिक मोल आहे. वृंदगान मूळ गीताची जागा घेऊ शकत नाही. परंतु रचना ऐकून मूळ गीताकडे जावेसे वाटले, आणि तेथे गेल्यावर ते गाणारे कोणी भेटले, तर दोन्हींचे प्रयोजन साधते. लोकसंगीतावरील वृंदरचनेची कसोटी तिच्या स्वरमेळाच्या समृद्धीवर जितकी अवलंबून आहे, तितकीच ती या गोष्टीवरही अवलंबून आहे, की ज्यांचे ते गीत आहे त्यांना ते ऐकताच आपले म्हणून ओळखता यावे आणि त्यांच्या आवाजाने त्यात सामील होता यावे.